आधी कामाचा नकाशा, मग सातत्य योजना: वर्कफ्लो मॅपिंग टप्प्याटप्प्याने

बहुतेक ठिकाणी व्यवसाय सातत्य योजना, म्हणजे संकटातही काम चालू ठेवण्याची योजना (बीसीपी), खातेनिहाय लिहिली जाते. लेखा विभागाची काही पानं, मनुष्यबळ विभागाची काही, आयटीची काही, आणि प्रत्येकाखाली त्या त्या प्रमुखाची सही. सुटं सुटं वाचलं तर प्रत्येक पान बरोबर असतं. सर्व्हर बसला किंवा इमारतीत जाता येईना झालं की मात्र काम अडतं, आणि बहुतेकदा दोन खात्यांच्या मधल्या जागेत अडतं. फाइल इकडून गेली पण तिकडे कोणी उघडलीच नाही. मंजुरी देणारा ठरलेला होता, पण त्याचा मोबाइल लागत नव्हता. ही मधली जागा कोणाच्याच पानावर नसते. ती डोळ्यांसमोर आणायची तर कामाचा नकाशा, म्हणजे काम कोणाकडून कोणाकडे कसं जातं याचं चित्र, काढावा लागतो.

नकाशा काढणाऱ्यांचाही क्रम सहसा चुकतो. आधी योजनेचा तयार नमुना भरला जातो, आरटीओचे, म्हणजे बंद पडलेलं काम किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवं याचे, आकडे अंदाजाने टाकले जातात, आणि शेवटी लेखापरीक्षकाला दाखवण्यापुरता एक फ्लोचार्ट जोडला जातो. आयएसओ २२३०१:२०१९ या व्यवसाय सातत्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाने काम थांबल्यास होणाऱ्या परिणामांचं विश्लेषण आणि सराव दोन्ही सक्तीचे केले आहेत, पण नकाशा काढा असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. म्हणून तो शेवटी ढकलला जातो. खरं तर नकाशाशिवाय केलेलं विश्लेषण म्हणजे बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं मत.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: महिन्याचा पगार. तो कोणत्याही संस्थेत असतो, तीन-चार खात्यांतून फिरतो, शेवटी बाहेरच्या बँकेवर अवलंबून असतो आणि त्याची तारीख पुढे ढकलता येत नाही. तुमचं काम ऑर्डर पाठवण्याचं असो वा रुग्णांच्या नोंदणीचं, पद्धत हीच राहील.

## सुरुवातीआधीची तयारी

तीन गोष्टी हातात नसतील तर सुरुवात करू नका.

पहिली म्हणजे कामाचा एक मालक. पगाराच्या बाबतीत मनुष्यबळ, लेखा आणि आयटी या तिघांनाही "हे असं करा" असं सांगू शकेल असा एक माणूस. नकाशा काढताना "हे तुमचं की आमचं" असे वाद निघणारच. ते तिथल्या तिथे मिटवणारा कोणी नसेल तर नकाशात पोकळ्या राहतात आणि पुढे त्याच पोकळ्या योजनेत उतरतात.

दुसरी म्हणजे पुरावे. मागच्या तीन-चार महिन्यांचे ईमेल, सिस्टीममधल्या वेळेच्या नोंदी, मंजुरीचे कागद आणि आधी कधी काम अडलं असेल तर त्याची टिपणं. माणसं जे सांगतात आणि नोंदी जे सांगतात त्यात फरक असतो. कोणी खोटं बोलतं म्हणून नव्हे. रोजच्या सवयीच्या कामातल्या बारीक पायऱ्या आठवतच नाहीत.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वेळा विसरली जाणारी: अभय. वरिष्ठांकडून लेखी आश्वासन घ्या की या चौकशीत कळलेल्या आडवाटांबद्दल कोणावर कारवाई होणार नाही. स्वतःच्या लॅपटॉपवरची एक्सेल शीट, दोघांनी मिळून वापरलेला पासवर्ड, फोनवर घेतलेली तोंडी मंजुरी या गोष्टी नियमात बसत नाहीत, पण काम त्यांच्यावर चाललेलं असतं. भीती असेल तर त्या तुमच्यासमोर येणार नाहीत, आणि संकटाच्या दिवशी नेमक्या त्याच तुटतील.

## टप्पा १: पहिलं काम निवडा

सगळ्या संस्थेचे नकाशे एकदम काढायला घेऊ नका. पन्नास अर्धवट नकाशांपेक्षा तीन पुरे झालेले नकाशे कामाला येतात.

निवडताना खात्याचा मान पाहू नका. हे काम आज थांबलं तर कोणाला त्रास होईल आणि किती वेळात, एवढंच विचारा. वार्षिक अंदाजपत्रक महत्त्वाचं असतं, पण ते दोन आठवडे थांबलं तरी कोणाचं घर अडत नाही. पगार दोन दिवस थांबला तर अनेकांचे हप्ते चुकतात. महत्त्वाचं आणि तातडीचं या दोन याद्या वेगळ्या करा आणि तातडीच्या यादीतलं पहिलं काम उचला.

## टप्पा २: काम कुठे सुरू होतं, कुठे संपतं ते ठरवा

सुरुवातीला एक ठळक घटना हवी. "पगाराची प्रक्रिया" ही घटना नव्हे. "२७ तारखेला संध्याकाळी हजेरी बंद होते" ही घटना आहे.

शेवट ठरवताना जास्त चुका होतात. लेखा विभाग म्हणेल, बँकेला फाइल गेली की आमचं काम संपलं. पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याच्या खात्यात पैसे जमा झालेले नाहीत. शेवट नेहमी घेणाऱ्याच्या दारात ठेवा: प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्यात रक्कम जमा झाली, आणि परत आलेली रक्कम पुन्हा पाठवली गेली. यातला दुसरा भाग नकाशात हमखास राहून जातो. चुकीच्या खाते क्रमांकामुळे परत आलेली रक्कम कोण पाहतो, कधी पाहतो, हे आत्ताच लिहून ठेवा.

तपासा: सुरुवात आणि शेवट संस्थेबाहेरच्या माणसाला एकेका वाक्यात सांगा. "म्हणजे नक्की काय झालं की संपलं?" असं त्याला विचारावं लागलं तर सीमा अजून धूसर आहे.

## टप्पा ३: काम करणाऱ्याच्या शेजारी बसा

सगळ्यांना सभागृहात बोलावून फळ्यावर चौकोन काढायला घेणं ही चूक अगदी सर्रास होते. तिथे वरिष्ठ बोलतात, बाकीचे माना डोलावतात, आणि फळ्यावर उतरते ती नियमपुस्तिका. सातत्य योजनेला हवं असतं ते काम प्रत्यक्ष चालतं तसं.

म्हणून टेबलाशी जा. शक्यतो कामाची घाई असलेल्या दिवशी जा, कारण आडवाटा तेव्हाच वापरल्या जातात. "तुम्ही हे कसं करता?" असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. त्याऐवजी "मागच्या महिन्याची फाइल उघडा आणि ती कशी तयार झाली ते दाखवा" असं म्हणा. पाहता पाहता हे प्रश्न टाकत राहा:

- ही माहिती तुमच्याकडे कोणाकडून येते आणि कशातून येते? ईमेल, सामायिक फोल्डर, की फोन?
- ती वेळेवर आली नाही तर कसं कळतं? मग काय करता?
- हे बरोबर आहे हे कशावरून ठरवता?
- तुम्ही रजेवर असता तेव्हा हे कोण करतं? शेवटचं कधी केलं होतं?
- या कामासाठी तुम्ही स्वतः तयार केलेली एखादी शीट, यादी किंवा वही आहे का?

शेवटच्या प्रश्नाला घाई करू नका. उत्तर यायला वेळ लागतो. पण पगारासारख्या कामात अनेकदा सगळा डोलारा एखाद्या अशाच शीटवर उभा असतो: कोणाची बढती मध्येच झाली, कोणाची वसुली किती हप्त्यांत आहे. अधिकृत सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती नसते, म्हणून अधिकृत बॅकअपमध्येही नसते.

सावध: एकाच माणसाचं ऐकून थांबू नका. देणारा आणि घेणारा दोघांनाही तोच प्रश्न विचारा. "मी २८ला पाठवतो" आणि "मला २९ला मिळतं" या दोन वाक्यांमध्ये जो दिवस हरवला आहे, तो तुमच्या योजनेचा दिवस आहे.

## टप्पा ४: नकाशा काढा

कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय, भिंतीवरचा मोठा कागद आणि चिकटचिठ्ठ्या वापरूनही उत्तम नकाशा होतो. बीपीएमएन २.० ही कामाचे नकाशे काढण्याची चिन्हपद्धत २०११ साली आली आणि तिच्यात चिन्हांची रेलचेल आहे, पण इथे चारच पुरतात: सुरुवात-शेवटासाठी गोल, कृतीसाठी चौकोन, निर्णयासाठी हिऱ्याचा आकार, आणि बाण.

कागदावर आडवे पट्टे आखा, म्हणजे ज्याला स्विमलेन म्हणतात ते. एका भूमिकेला एक पट्टा. बँक, बाहेरचा पुरवठादार, क्लाउड सेवा यांनाही स्वतंत्र पट्टा द्या. ते "बाहेरचे" म्हणून वगळले की अर्धा धोका नकाशाबाहेर राहतो. पट्ट्यावर भूमिका लिहा, माणसाचं नाव नको. नाव पुढच्या टप्प्यात येईल.

चौकोनात क्रियापद असू द्या. "पडताळणी" एवढंच लिहिण्यापेक्षा "मागच्या महिन्याशी तुलना करून फरक तपासतो" हे लिहिलं तर त्या पायरीला कशाची गरज आहे तेही त्यातच कळतं: मागच्या महिन्याची फाइल.

आता बाण. इतर कामांसाठी नकाशा काढणारे बाण नुसते ओढून सोडतात. सातत्यासाठी मात्र बाणावरच खरं लक्ष द्यायचं आहे. प्रत्येक बाणावर तीन गोष्टी लिहा: काय जातं, कशातून जातं, आणि पोचल्याची खात्री कशी होते. पट्टा ओलांडणारा प्रत्येक बाण वेगळ्या रंगात काढा. ज्या बाणावर तिसरं उत्तर लिहिता आलं नाही, त्याच्याशेजारी प्रश्नचिन्ह ठेवा. एका कागदावर वीस-पंचवीस चौकोन झाले की तिथे तोडा आणि उपकामाचा वेगळा नकाशा करा.

तपासा: तयार नकाशा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना दाखवा आणि मागच्या महिन्यातलं एक खरं प्रकरण, शक्यतो किचकट, बोट ठेवत ठेवत त्यावरून चालवा. मध्येच सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा पगार चालवून पाहा. बोट कागदाबाहेर गेलं तर नकाशा अपुरा आहे.

## टप्पा ५: प्रत्येक पायरी कशावर उभी आहे ते लिहा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक चौकोनाखाली सहा ओळी: माणूस, माहिती, यंत्रणा, जागा, बाहेरचा पुरवठादार, अधिकार.

माणूस लिहिताना नाव लिहा, पर्यायी माणसाचं नाव लिहा, आणि त्या पर्यायी माणसाने हे काम शेवटचं कधी केलं ती तारीख लिहा. तारीख नसेल तर पर्याय नाही असंच समजा. यादीत नाव असणं आणि काम येणं यात फार अंतर आहे.

अधिकाराची ओळ बहुतेक नमुन्यांत नसतेच. बँकेच्या पोर्टलवर एकाने फाइल चढवायची आणि दुसऱ्याने मान्यता द्यायची, अशी मेकर-चेकर पद्धत असते. दुसऱ्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. तो विमानात असेल तर सर्व्हर, इमारत, इंटरनेट सगळं ठणठणीत असूनही पगार होत नाही. तिसरा मान्यतादार बँकेकडे नोंदवायला कागदपत्रं आणि काही दिवस लागतात. ते संकटाच्या दुपारी होत नाही.

यंत्रणेच्या ओळीत फक्त पगाराच्या सॉफ्टवेअरचं नाव लिहून थांबू नका. त्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायला काय लागतं? लॉगिनची मध्यवर्ती व्यवस्था, व्हीपीएन (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट), ईमेल, कधी कधी परवान्याचा सर्व्हर. एकेक पायरी खाली उतरत जा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सेवा सुमारे सहा तास बंद होती. नेटवर्कच्या देखभालीत झालेल्या एका चुकीमुळे त्यांची डेटा सेंटर्स इंटरनेटपासून तुटली, आणि दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कवर होती. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. दुरुस्तीचं साधन आणि बिघडणारी वस्तू एकाच खुंटीला टांगलेली आहे का, हे तुमच्या नकाशावर शोधा.

जागेबाबतही तेच. मार्च २०२१मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांची मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही गेले. बॅकअप आहे, एवढं लिहून भागत नाही. तो कोणत्या इमारतीत आहे, ते लिहा.

सगळ्या ओळी भरल्या की त्या आडव्या वाचा. एकच नाव किंवा एकच यंत्रणा चार-पाच चौकोनांखाली आली असेल तर त्याला लाल खूण करा. खातेनिहाय योजनेत ही गोष्ट कधीच दिसत नाही, कारण तिथे तेच नाव पाच वेगवेगळ्या पानांवर असतं.

सावध: नकाशात पासवर्ड, खाते क्रमांक, कोणाची वैयक्तिक माहिती लिहू नका. कुठे आणि कोणाकडे आहे एवढंच लिहा. हा कागद चुकीच्या हाती पडला तर तो हल्लेखोरालाही तेवढाच उपयोगी आहे.

## टप्पा ६: शेवटापासून उलटे चाला

आता वेळेचा हिशेब. त्यासाठी तीन मोजमापं लागतात. काम जास्तीत जास्त किती काळ बंद राहिलेलं चालेल, ती बाहेरची मर्यादा, म्हणजे एमटीपीडी. यंत्रणा किंवा काम किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवं, तो आरटीओ. आणि किती वेळाची माहिती गमावलेली परवडेल, तो आरपीओ.

आरटीओ प्रत्येक खात्याला वेगवेगळा विचारणं ही मूळ चूक. आयटी म्हणतं २४ तास, सगळ्यांना ते वाजवी वाटतं, आकडा लिहिला जातो. नकाशावर उलटं चालून पाहा.

समजा, पगार ३० तारखेला व्हायचा आहे आणि बँक त्या दिवशी दुपारी ४ पर्यंतच फाइल घेते. नोंदींवरून निघालेले कामाचे तास असे:

- हजेरी आणि रजा एकत्र करणं: ८ तास
- पगार मोजणी: २ तास
- पडताळणी: ३ तास
- अंतिम मंजुरी: २ तास
- फाइल चढवणं आणि दुसऱ्याची मान्यता: १ तास

एकूण १६ तास. हजेरी २७च्या संध्याकाळी बंद होते. कामाची वेळ ९ ते ५ आणि मधली सुट्टी हिशेबाच्या सोयीसाठी सोडून दिली, तर २८चे ८, २९चे ८ आणि ३०चे दुपारी ४ पर्यंतचे ७, असे २३ तास मिळतात. म्हणजे हातात ७ तासांची मोकळीक.

आता २९ला सकाळी १० वाजता पगाराचं सॉफ्टवेअर बंद पडलं आणि आयटीने आपला शब्द पाळून बरोबर २४ तासांत, ३०ला सकाळी १० वाजता ते सुरू केलं. तोवर ९ तासांचं काम झालं होतं, ७ तासांचं उरलं आहे. ४ वाजेपर्यंत तास मिळतात ६. पगार चुकला. प्रत्येकाने आपापला आकडा पाळला, तरीही चुकला.

यात आरपीओ अजून धरलाच नाही. बॅकअप आदल्या रात्रीचा असेल तर २९च्या सकाळचं तासाभराचं मोजणीचं कामही पुसलं गेलं. आता उरलेलं काम ८ तासांचं आहे. गमावलेली माहिती पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि तो वेळही त्याच ७ तासांच्या मोकळिकीतून जातो. म्हणून आरटीओ आणि आरपीओ वेगवेगळ्या रकान्यांत ठेवून चालत नाही. त्यांची बेरीज करावी लागते. बिघाड लक्षात येण्याचा वेळ, निर्णयाचा वेळ, यंत्रणा परत आणण्याचा वेळ आणि हरवलेलं काम पुन्हा करण्याचा वेळ, ही सगळी बेरीज मोकळिकीत बसली पाहिजे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. ५ तारखेला हेच सॉफ्टवेअर आठवडाभर बंद राहिलं तरी पगार चुकत नाही. म्हणजे आरटीओ तारखेप्रमाणे बदलतो. योजनेत आकडा टाकताना कॅलेंडरमधला सगळ्यात वाईट दिवस धरा आणि तो दिवस कोणता, हेही शेजारी लिहा.

तपासा: घड्याळ कधीपासून सुरू होतं, हे आयटी आणि बाहेरच्या पुरवठादाराला स्पष्ट विचारा. काही ठिकाणी आरटीओ बिघाड झाल्या क्षणापासून मोजतात, काही ठिकाणी आपत्ती जाहीर झाल्यापासून. या दोहोंत कित्येक तासांचा फरक असू शकतो, आणि करारात तो बारीक अक्षरांत असतो.

## टप्पा ७: नकाशा मुद्दाम तोडून पाहा

आग, पूर, संप, साथ, सायबर हल्ला अशी कारणांची यादी करत बसू नका. ती कधी संपत नाही, आणि पुढचं संकट त्या यादीत नसण्याचीच शक्यता जास्त. परिणाम मात्र मोजकेच असतात: माणूस नाही, जागा नाही, यंत्रणा नाही, पुरवठादार नाही, किंवा माहिती आहे पण तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. शेवटचा परिणाम लोक विसरतात. रॅन्समवेअरनंतर, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्यानंतर, बॅकअप मिळतो, पण त्यातलं काय बिघडलेलं आहे हे कळायला दिवस जातात.

हे पाच परिणाम एकेक करून प्रत्येक चौकोनावर ठेवा. काम चालू राहतं, रखडतं, की थांबतं? थांबतं तिथे लाल. मग ज्यांचं मूळ एकच आहे असे दोन परिणाम एकत्र ठेवून पाहा. उदाहरणार्थ, नेटवर्क गेलं की व्हीपीएन, इंटरनेटवरचे फोन आणि काही इमारतींत कार्डाने उघडणारी दारंही एकदमच बंद पडतात.

लाल चौकोन बरेच निघतील. ते सगळे एकदम सोडवता येत नाहीत, सोडवायची गरजही नसते. आधी स्वस्त दुरुस्त्या करा: तिसरा मान्यतादार नोंदवणं, दुसऱ्या माणसाला शिकवणं, फोन नंबरांची छापील यादी, वैयक्तिक शीट सामायिक जागी हलवणं. पहिल्या नकाशातले बरेचसे धोके एवढ्यानेच कमी होतात. दुसरं डेटा सेंटर वगैरे खर्चाचे विषय यानंतर, आणि तेही टप्पा ६मधला हिशेब हातात घेऊनच.

## टप्पा ८: पर्यायी मार्ग आणि परतीचा मार्ग

"हाताने काम करू" हे योजनेतलं सगळ्यात पोकळ वाक्य आहे. हाताने म्हणजे कोणी, कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीने, आणि किती वेळात? पर्यायी मार्गाचाही नकाशा काढा, मूळ नकाशाइतकाच नीट.

पगारासाठी एक प्रचलित पर्याय म्हणजे मागच्या महिन्याची रक्कम पुन्हा देणं आणि फरक पुढच्या महिन्यात जुळवणं. ऐकायला सोपं वाटतं. नकाशा काढला की प्रश्न दिसतात. मागची फाइल पगाराच्या सॉफ्टवेअरबाहेर, सुरक्षित आणि कूटबद्ध स्वरूपात ठेवलेली आहे का? सोडून गेलेल्यांची नावं काढायची, तर ती यादी कुठून मिळेल? नव्याने आलेल्यांना आगाऊ रक्कम द्यायची का, आणि ते कोण ठरवणार? फाइलचं नाव किंवा संदर्भ क्रमांक जुनाच राहिला तर बँकेची यंत्रणा ती दुबार समजून नाकारू शकते. बँकेशी आधी बोललात का? या सगळ्याला आजच, शांत डोक्याने लेखी मान्यता घेऊन ठेवा.

पर्यायी मार्गावर नियंत्रणं ढिली करू नका. संकटाच्या दिवशी "एवढ्या वेळेपुरता एकट्यानेच पाठवून दे" हा मोह होतो, आणि फसवणूक करणारे याच दिवसाची वाट पाहत असतात. दोघांची मान्यता मूळ मार्गावर असेल तर पर्यायी मार्गावरही दोघांचीच हवी.

मग निर्णयाची शेवटची वेळ काढा. पर्यायी मार्गाला ४ तास लागत असतील आणि बँक दुपारी ४ला बंद होत असेल, तर १२ नंतर निर्णय घेऊन उपयोग नाही. अडथळ्यांसाठी थोडा वेळ हाताशी ठेवला तर सकाळी १०. योजनेत असं लिहा: ३० तारखेला सकाळी १० वाजेपर्यंत मंजूर फाइल तयार नसेल तर पर्यायी मार्ग सुरू. "परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा" असं लिहिलं की सगळे आयटीच्या "आता अर्ध्या तासात होईल" या उत्तरावर विसंबून बसतात.

आणि परतीचा मार्ग. सॉफ्टवेअर परत आलं की त्याला ठाऊक नसतं की पगार झालेला आहे. कोणीतरी उत्साहाने नेहमीचं बटण दाबलं तर पगार दोनदा जातो. म्हणून परतीच्या नकाशात हे हवंच: सॉफ्टवेअरमधली पगाराची पायरी आधी कुलूपबंद करणं, दिलेल्या रकमांची नोंद करणं, फरक काढणं, करकपात जुळवणं, आणि "आता मूळ मार्ग सुरू" हे जाहीर करणारी एकच व्यक्ती.

तपासा: पर्यायी नकाशाखालीही टप्पा ५मधल्या सहा ओळी भरा. पर्यायी मार्ग त्याच माणसावर किंवा त्याच व्हीपीएनवर टेकलेला निघाला, तर तो पर्याय नाही.

## टप्पा ९: आता योजना लिहा

इथवर आल्यावर लिहिण्यासारखं फार उरत नाही. प्रत्येक भूमिकेसाठी एका पानाचं कृतिपत्र करा. वर हे पान कधी उघडायचं ती अट, मग पायऱ्या क्रमाने, मग कोणाला कळवायचं, शेवटी थांबायचं कधी. वाक्यं आज्ञार्थी आणि छोटी. धावपळीत वाचणाऱ्याला परिच्छेद वाचायला वेळ नसतो. नकाशा, अवलंबित्वांची यादी आणि वेळेचा हिशेब परिशिष्टात ठेवा.

प्रती कुठे ठेवायच्या, हेही नकाशा पाहूनच ठरवा. योजना ज्या सर्व्हरवर आहे तोच बंद पडणार असेल तर ती मिळणार नाही. छापील प्रत, आणि इंटरनेटशिवाय उघडेल अशी एक प्रत संबंधितांच्या ताब्यात असू द्या.

## टप्पा १०: सराव, मोजमाप, दुरुस्ती

पहिला सराव टेबलाभोवती बसून करा. नकाशा मध्ये ठेवा, एक परिणाम जाहीर करा, आणि प्रत्येकाने आपलं कृतिपत्र वाचत पुढे जायचं. नंतर प्रत्यक्ष सराव. त्यात काम पर्यायी माणसानेच करायचं आणि मूळ माणसाने गप्प बसायचं. तो "अरे, तिथे आधी हे कर" असं म्हणाला की ते वाक्य लगेच लिहून घ्या. नकाशात राहून गेलेली पायरी तीच.

बॅकअपचा सराव म्हणजे तो खरंच उतरवून उघडून पाहणं. जानेवारी २०१७ अखेर गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या सेवेत चुकून मुख्य डेटाबेसमधली माहिती पुसली गेली, तेव्हा त्यांच्याकडे बॅकअपच्या आणि प्रतिकृतीच्या अनेक पद्धती होत्या. नेहमीचे बॅकअप मात्र तयारच होत नव्हते, आणि ते अयशस्वी झाल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. काही तासांआधी हाताने घेतलेल्या एका प्रतीमुळे बरंचसं वाचलं, तरी सुमारे सहा तासांची माहिती गेली. तुमच्या नकाशावर "बॅकअप यशस्वी झाल्याचं कळतं" असा बाण आहे का? असला, तर त्याच्या टोकाला कोण आहे?

सरावात प्रत्येक पायरीला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजा आणि टप्पा ६मधले आकडे बदला. पहिल्या सरावानंतर आकडे वाढतातच; ते दडवू नका, मोकळीक नव्याने काढा.

वर्षातून एकदा आढावा, एवढाच नियम ठेवला तर नकाशा अकरा महिने जुना राहतो. त्यापेक्षा बदलाच्या घटना ठरवा: नकाशातल्या कोणाचीही बदली, राजीनामा किंवा लांब रजा, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, पुरवठादाराचा नवा करार, बँकेची किंवा मंजुरीची पद्धत बदलणं, आणि खरा अडथळा, मग तो छोटा का असेना. यांपैकी काही घडलं की मालकाने आठवडाभरात नकाशा तपासायचा. प्रत्येक पानावर आवृत्तीची तारीख आणि मालकाचं पद लिहा, आणि नवी आवृत्ती वाटताना जुन्या छापील प्रती मोजून परत घ्या.